लॅब दोनच्या देवरे मॅडम

देवरे मॅडम कुणाला माफ करत नसत. हे मी नावं ठेवायला सांगत नाही, कौतुकानंच सांगतेय. आपल्याकडं माणूस गेलं की 'कुणाबद्दल मनात काही ठेवलं नाही हो तिनं' असं म्हणायची पद्धत आहे. मॅडमबद्दल कुणी तसं म्हटलं असतं तर त्या उठून बसल्या असत्या. त्यांनी सगळ्यांबद्दल सगळं मनात ठेवलं होतं, आणि तेही नीट घडी घालून. विसरणं म्हणजे आळस, असं त्यांचं मत होतं.

आमचं कॉलेज नाशिकच्या गंगापूर रोडला, शहर संपून द्राक्षाचे मळे सुरू व्हायचे तिथं. कॉम्प्युटरच्या दोन लॅब. लॅब एक माझी, लॅब दोन त्यांची. माझ्या लॅबला एसी होता, कारण पाहुणे आले की त्यांना इकडंच आणायचे. लॅब दोन मागच्या बाजूला, सायकल स्टँडला लागून. तिथली सगळी मशीन माझ्याकडून उतरलेली, जुनी. मॅडम ती उघडायच्या, धूळ काढायच्या, एकाचा भाग दुसऱ्याला लावायच्या आणि पोरांसाठी चालती ठेवायच्या. त्या मूळच्या नामपूरच्या. वडील कांद्याच्या मार्केटात मापारी होते. बोलायच्या आमच्यासारखंच, पण राग आला की अहिराणी वर यायची आणि आम्ही समजायचो की आता कुणाचं तरी काही खरं नाही. त्यांची नोकरी दरवर्षी नव्यानं मिळणारी. जूनमध्ये ऑर्डर आली तर आली. लॅब दोन आहे तोवर त्या आहेत, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही.

विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स आमच्याकडं शिरलं ते मासिकाबरोबर मिळणाऱ्या सीडीवरून. फुकट म्हणून मॅनेजमेंट खूश, आणि काहीतरी वेगळं म्हणून पोरं खूश. त्यात एक गंमत असते. आतलं यंत्र तेच, पण डोळ्यांसमोर जे दिसतं, खिडक्या, पट्ट्या, चित्रं, म्हणजे ज्याला डेस्कटॉप म्हणतात, तो ज्याचा त्यानं आपल्या आवडीचा निवडायचा. झालं. निवडायला मिळालं की माणसं भांडणारच. मी ग्नोमवाली. मला ते शांत वाटायचं, आणि खरं सांगायचं तर त्याचं ते पावलाचं चिन्ह मला आवडायचं, दुसरं काही कारण नाही. निम्मी पोरं केडीईवाली, कारण ते झगमगीत होतं आणि विंडोजसारखं दिसायचं. कुलदैवत विचारावं तसं नवीन पोराला पहिल्या दिवशी विचारलं जायचं, तू कुठला.

मॅडमचं तिसरंच. त्यांच्या मशीनवर आइसडब्ल्यूएम नावाचा एक अगदी हलका प्रकार होता. राखाडी पडदा आणि खाली बारीक पट्टी. चित्र नाही, फुलं नाही, देवाचा फोटोसुद्धा नाही. पोरं म्हणायची, मॅडम, लाइट गेल्यासारखं वाटतं. त्या म्हणायच्या, पोळपाटावर कुणी नक्षी काढतं का. आणि त्यांनी एक सोय करून ठेवली होती. माउसचा बाण ज्या विंडोवर असेल ती विंडो आपोआप जागी व्हायची, क्लिक करायचं नाही. बाण सरकला की टाइप केलेलं दुसऱ्या विंडोत. त्यांच्या हाताला ते इतकं बसलं होतं की बघत राहावं. आमच्यासारख्यांचा हात जरा हलला की इकडचं वाक्य तिकडं जाऊन पडायचं. म्हणून त्यांच्या खुर्चीत कुणीही बसलं, प्राचार्य असोत की पहिल्या वर्षाचं पोरगं, की त्या आधी एक सांगायच्या: माउस जिथं ठेवाल तिथंच अक्षरं जातील, हात जपून. हे न सांगता त्यांनी कधी कुणाला बसू दिलं नाही.

त्यांच्या उट्टं काढण्याच्या गोष्टी स्टाफरूममध्ये चवीनं सांगितल्या जायच्या. मला सगळ्यांत आवडते ती सिडकोतल्या घरमालकाची. मॅडम तिथं भाड्यानं राहायच्या, एकट्याच. नवऱ्याचा विषय त्या काढत नसत आणि आम्हीही काढत नव्हतो. त्या सकाळी न्हाणीत गेल्या की हा मालक वरून पाण्याची मोटर बंद करायचा. भाडं वाढवून पाहिजे होतं, सरळ मागायची हिंमत नव्हती. डोक्याला साबण लावलेली बाई भांडायला बाहेर येऊ शकत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. मॅडम एका शब्दानं बोलल्या नाहीत. त्यांनी काय केलं, तर मालकाच्या मुलाला शिकवायला घेतलं. तो बारावीत दोनदा आपटलेला, बापाच्या किराणा दुकानात पुड्या बांधायचा. मॅडमनी त्याला रोज संध्याकाळी बसवला, फी नाही, काही नाही. मालक तर वाकून नमस्कार करायला लागला. मोटर सुरू राहू लागली. पोरगं हुशार निघालं, आधी पुण्याला गेलं, मग बंगळूरला, आणि तिथून पुढं परदेशी. परत आलंच नाही. दुकान बघायला कुणी राहिलं नाही, ते विकावं लागलं. मी मॅडमना म्हटलं, तुम्ही तर त्या पोराचं भलं केलंत. त्यांनी डबा बंद केला आणि म्हणाल्या, "पोराचं केलंच. बापाला म्हणावं, आता बस मोटर बंद करत."

कँटीनवाल्याचं छोटं आहे. त्यानं एकदा लॅबवाल्यांना कालचा चहा गरम करून दिला. मॅडम त्यानंतर वर्षभर रोज तिथं गेल्या, मधल्या टेबलावर बसल्या, घरून आणलेला थर्मास उघडला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आपला चहा पाजला. शेवटी तो बिचारा हात जोडून आला, तेव्हा कुठं थर्मास बंद झाला. हात जोडले की मॅडमचं संपायचं, हेही सांगितलं पाहिजे. चूक झाली म्हणा, मिटलं. पण म्हणायचं. तोंडानं, समोर उभं राहून. त्यात सूट नाही.

अशा बाईच्या वाटेला कर्णिक सर गेले.

कर्णिक सर विभागप्रमुख म्हणून बाहेरून आले. गोरेपान, टाय लावणारे, बोलणं मधासारखं. मला हा माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नाही आणि आजही आवडत नाही, तेव्हा माझ्याकडून न्यायाची अपेक्षा ठेवू नका. ते केडीईवाले. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, केडीई चांगलंच होतं. पण त्यांना आपली आवड आवडून पुरत नसे, ती सगळ्यांची असायला हवी असे. प्रत्येक पडद्यावर तेच निळं चित्र, त्याच जागी तेच आयकॉन, कोपऱ्यात संस्थेचं बोधचिन्ह. एकसारखं दिसलं की शिस्त आली, असं त्यांना वाटायचं. माझं ग्नोम त्यांनी एका सोमवारी काढून टाकलं. विचारलंसुद्धा नाही. मी आरडाओरडा केला तर गोड हसून म्हणाले, होईल सवय.

आणि एवढा कॉम्प्युटरचा माणूस, टाइप करायचा दोन बोटांनी, मान खाली घालून, पडद्याकडं न बघता. टाइप करण्याआधी ताटातला कढीपत्ता बाजूला सारावा तसा उलट्या हातानं माउस लांब सारायचा. मॅडम हे बघायच्या. मीटिंगमध्ये सगळे सरांचं बोलणं ऐकायचे, मॅडम त्यांचा हात बघत बसायच्या.

दिवाळीच्या सुट्टीत सरांनी लॅब दोन हातात घेतली. सुट्टी संपवून आम्ही आलो तर तिथल्या सगळ्या मशीनवर केडीई. आधीच म्हातारी यंत्रं, त्यात हा भार. बाण हलवला की जरा वेळानं हलायचा. पोरं प्रॅक्टिकलला बसायची आणि प्रोग्रॅम लिहून होईपर्यंत मशीन गोठायचं. मॅडमचं स्वतःचं मशीन तेवढं वाचलं होतं, कारण सुट्टीत त्या ते कपाटात ठेवायच्या आणि किल्ली त्यांच्याकडं होती. मॅडमना संशय आला, त्यांनी दोन-चार मशीन उघडून बघितली. निम्मी मेमरी काढून नेलेली. आता मेमरी कमी म्हणजे काय, तर एवढ्याशा ओट्यावर पंचवीस माणसांचा स्वयंपाक. ती मेमरी माझ्या लॅबमधल्या मशीनमध्ये बसवली होती, पाहुण्यांसमोर केडीई झोकात चालावं म्हणून.

मॅडम प्राचार्यांकडं गेल्या. ते म्हणाले, लेखी द्या, विभागप्रमुखांमार्फत. म्हणजे चोराची तक्रार चोराच्या सहीनं. अशी आमची संस्था. आणि सरांनी तोवर वर सांगून टाकलं होतं की लॅब दोनची यंत्रं कामातून गेली आहेत, ती भंगारात काढावीत, तिथं मल्टिमीडिया रूम करावी. विद्यापीठाची समिती बघायला येणार होती, तिनं होकार दिला की लॅब बंद. जूनमध्ये मॅडमना ऑर्डर येणार नव्हती.

एक दिवस पोरांनी सरांना दारातच गाठलं, म्हणाले, सर, मॅडमच्या मशीनसारखं हलकं काहीतरी आम्हालाही द्या, आमचं चालेल तरी. सर आत आले. मॅडमच्या राखाडी पडद्याकडं बघून हसले आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "बाईंना मशीनमधलं काही कळत नाही. जे जमतं त्यालाच त्या चांगलं म्हणतात." आणि गेले.

मॅडम पांढऱ्याफटक पडल्या. पोरं खाली बघत बसली. मी दारात होते, मलाच रडू आलं. मॅडम पुटपुटल्या, "माले शिकाडू नको." मला शिकवू नकोस. मग खडू उचलला आणि उरलेला तास घेतला. त्या दिवसापासून त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. लॅब टिकली पाहिजे, आणि या माणसानं त्याच दारात उभं राहून माझं चुकलं म्हटलं पाहिजे.

समिती आली त्या दिवशी मॅडम ठेवणीतली साडी नेसून आल्या. मी म्हटलं, शोकसभेला नटलात की काय. त्या प्रोजेक्टर पुसत होत्या. सकाळपासून त्यांनी आपलं मशीन त्या प्रोजेक्टरला जोडून ठेवलं होतं, भिंतीवर राखाडी पडदा, मध्ये एक मोठी विंडो, त्यात लॅबच्या सामानाची यादी, अक्षरं मुद्दाम मोठी केलेली. मागच्या बाकावरून वाचता आली पाहिजेत, म्हणाल्या. कोपऱ्यात एक छोटी विंडो उघडी होती, तिच्यातली अक्षरं भिंतीवर मुंगीएवढी, वाचता न येणारी. दोन्ही लॅबमध्ये टाइप करून निरोप द्यायची सोय असायची ती. पलीकडं माझ्या लॅबमध्ये सरांचा खास माणूस खैरनार बसलेला.

समितीच्या प्रमुख एक वयस्कर बाई होत्या, बाहेरगावच्या प्राध्यापक. पायात कॅनव्हासचे बूट. त्या प्रत्येक मशीनपाशी थांबायच्या, खाली वाकायच्या, प्रश्न विचारायच्या. सर म्हणत होते, बघा ना मॅडम, किती स्लो, पोरांचं नुकसान होतंय. त्या म्हणाल्या, एवढी स्लो का, याच वयाची मशीन आमच्याकडं चालतात. सर घामेघूम. त्यांना खैरनारला निरोप द्यायचा होता. त्यांनी इकडं तिकडं बघितलं आणि देवरे मॅडमच्या खुर्चीत बसले. पहिल्यांदाच. आजवर त्यांनी त्या मशीनला हात लावला नव्हता, कमीपणा वाटायचा.

मॅडम खुर्चीच्या शेजारीच उभ्या होत्या. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. आता सांगतील, मग सांगतील. त्यांनी पदर सारखा केला आणि खिडकीबाहेर सायकल स्टँडकडं बघायला लागल्या.

सरांनी छोट्या विंडोत क्लिक केलं. उलट्या हातानं माउस सारला. मान खाली घातली आणि दोन बोटांनी खडखड टाइप करू लागले. बाण घसरून मोठ्या विंडोवर आला होता. भिंतीवर, सामानाच्या यादीच्या मधोमध, हातभर अक्षरांत उमटत गेलं, रोमन लिपीतलं मराठी: चहा पाठव. म्हातारी फार प्रश्न विचारते. मेमरी काढलीय ते कुणाला बोलू नको.

सर अजून मान खाली घालून पुढचं टाइप करतच होते. त्या बाईंनी चष्मा नीट केला, भिंत वाचून काढली आणि शांतपणे म्हणाल्या, "चहा मी घेत नाही. मेमरी कुठं आहे?"

बाई गं. मी आयुष्यात एवढं सुख क्वचित अनुभवलंय. सरांनी मान वर केली तो चेहरा मला अजून दिसतो, आणि वाईट दिवस असला की मी तो मुद्दाम आठवते.

मेमरी त्याच आठवड्यात परत आली. लॅब दोन राहिली. प्रत्येकानं आपल्या आवडीचा डेस्कटॉप लावावा असंही ठरलं, मला माझं पाऊल परत मिळालं. जूनमध्ये मॅडमची ऑर्डर आली ती कायमची. सरांना संस्थेच्या घोटीच्या कॉलेजात पाठवलं. मी पेढे वाटले. नंतर एका रविवारी मिसळ खाताना मी मॅडमना विचारलं की हे सगळं ठरवून केलंत ना. त्या म्हणाल्या, "मी त्यांना बसा म्हटलं नाही. मी फक्त सांगितलं नाही." मग तर्रीत पाव बुडवत म्हणाल्या, अजून निम्मं राहिलंय. सर जाताना सगळ्यांना भेटून गेले होते, लॅब दोनच्या दारात मात्र आले नव्हते. मी म्हटलं, सोडा आता, घोटीला पाठवला की त्याला. त्या म्हणाल्या की बदली संस्थेनं केली, सरांनी स्वतः काय केलं.

त्या दाराकडं मॅडम वर्षानुवर्षं बघत राहिल्या. गंमत नाही, खरंच. पावलं वाजली की मान वळायची. लोक म्हणायचे, केवढा हा डूख. मी म्हणते, सगळ्या वर्गासमोर तुमची अक्कल काढली असती तर कळलं असतं.

पुढं मॅडम निवृत्त होऊन नामपूरला गेल्या. केस पांढरे झाले, गुडघे धरले, वाळल्याही बऱ्याच. मग आमच्या एका जुन्या शिपायाच्या मुलीचं लग्न घोटीला निघालं. मी आणि मॅडम नाशिकहून एसटीनं गेलो. तिथं सर असतील का, असं एकदाही त्यांनी विचारलं नाही, म्हणून मीच ओळखलं की डोक्यात तेच आहे. लग्नात ते दिसले नाहीत. जेवून आम्ही स्टँडवर आलो, गाडीत जागा मिळाली, आणि खिडकीखाली कर्णिक सर. हातात भाजीची पिशवी, पायात चपला, टाय नाही. म्हातारे झाले होते. मला लगेच ओळखलं. सीमा मॅडम ना, म्हणाले, केवढा आनंद झाला. मग शेजारी बघून हात जोडले, आणि या कोण, विचारलं.

मी नाव सांगणार, तेवढ्यात मॅडमनी माझा हात दाबला. म्हणाल्या, मी त्याच कॉलेजात होते.

सर खुलले. ओ, मग तुम्हाला लॅब दोन माहीत असेल, म्हणाले. बंद करायला निघाले होते सगळे. मी समितीपुढं उभा राहिलो, लॅब वाचवली, म्हणून तर इकडं जबाबदारी देऊन पाठवलं मला. आणि मग अगदी जिव्हाळ्यानं म्हणाले, "तिथं एक बाई होत्या, नाव काही आठवत नाही. फार साध्या हो. त्यांची नोकरी राहिली, याचंच मला समाधान."

खोटं बोलत नव्हते. तेच तर. माणूस खोटं बोलत असला की कळतं. यांना खरंच तसं आठवत होतं. पोरं, दार, भिंतीवरची अक्षरं, सगळं त्यांच्या डोक्यातून पुसून गेलं होतं आणि त्या जागी स्वतःचा चांगुलपणा बसला होता. मला वाटलं, पिशवी हिसकावून त्यातले टोमॅटो याच्या डोक्यात घालावेत. सरांनी पुन्हा हात जोडले आणि ते स्टँडच्या फाटकाकडं चालू लागले.

कंडक्टर दार ओढून घेत होता. मॅडम समोरच्या सीटकडं बघत बसल्या होत्या. मग गुडघ्यांवर हात टेकून उठल्या.

"सीमा, त्याले सांगनं पडी." त्याला सांगावं लागेल.

मी म्हटलं, अहो मॅडम, पुढची गाडी संध्याकाळी आहे. त्यांनी ऐकलंच नाही. कंडक्टर कुरकुरला, दार उघडलं, त्या एकेक पायरी धरत उतरल्या. घंटी वाजली, गाडी हलली. त्यानंतर देवरे मॅडम मला भेटल्या नाहीत. त्या गेल्याचं कळलं तेव्हा मी पुण्याला मुलीकडं होते.

मी वळून मागच्या काचेतून बघितलं. फाटकापाशी त्यांनी सरांना गाठलं होतं. सर हसत, कान पुढं करून उभे होते. मॅडमनी त्यांच्या हातातली भाजीची पिशवी काढून घेतली, खाली कठड्यावर ठेवली, आपली पर्सही तिच्या शेजारी ठेवली, आणि सुरुवात केली.